घरच्या कॉम्प्युटरमध्ये मालवेअर शिरलाय? स्कॅनच्या आधी फोन हातात घ्या

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाचा फोन आला. "दादा, माझ्या इन्स्टावरून कोणीतरी क्रिप्टोच्या स्टोरी टाकतंय. पासवर्ड बदलला, तरी चालूच आहे!" दोन दिवस आधी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एडिटिंगचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं होतं. "आधी अँटीव्हायरस बंद करा" असं तिथे लिहिलेलं, म्हणून त्याने तो बंदही केला. आणि त्याच कॉम्प्युटरवर मावशी नेटबँकिंग करते.

अशा वेळी आपण काय करतो? स्कॅन चालवतो, हिरवी टिक दिसली की विषय संपला. पण तोपर्यंत चोर माल घेऊन गेलेला असू शकतो. म्हणून काय करायचं याइतकंच, कुठल्या क्रमाने करायचं हेही महत्त्वाचं आहे.

पासवर्ड बदलूनही चोर आत कसा?

क्रॅकसोबत बऱ्याचदा इन्फोस्टीलर नावाचा मालवेअर येतो. तो ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून बाहेर पाठवतो. हे काम मिनिटभरातही होऊ शकतं.

कुकी म्हणजे वॉटर पार्कमध्ये हातावर बांधतात तो पट्टा समजा. एकदा तिकीट दाखवलं की पट्टा मिळतो, मग दिवसभर कोणी तिकीट विचारत नाही. लॉगिन केल्यावर वेबसाइट ब्राउझरला असाच पट्टा देते. चोराने तो पळवला, तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. शिवाय भावाने नवा पासवर्ड टाकला तो त्याच कॉम्प्युटरवरून! म्हणजे चोरासमोरच नवीन कुलूप लावल्यासारखं झालं.

१. नेट बंद करा

वायफाय बंद करा, लॅनची वायर काढा. चोरी चालू असेल तर तिथेच थांबते. त्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावू नका आणि त्यावर कुठेही लॉगिन करू नका.

२. फोनवरून पासवर्ड बदला

सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्या अकाउंटच्या रिसेट लिंक तिथेच येतात. मग बँक, मग सोशल मीडिया. प्रत्येक ठिकाणी या तीन गोष्टी करा:

- सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. गूगल अकाउंटमध्ये सिक्युरिटीखाली तुमच्या डिव्हाइसची यादी दिसते. चोराच्या हातातला पट्टा तुटतो तो इथे.
- रिकव्हरीचा ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच आहे ना, ते बघा.
- टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

व्हॉट्सअॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून तो कॉम्प्युटर काढून टाका.

३. आता स्कॅन

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीच असतो, वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा आणि आधी मॅनेज सेटिंग्जमधली एक्स्क्लूजन्सची यादी तपासा. या यादीतल्या फोल्डरकडे डिफेंडर बघतच नाही. काही मालवेअर स्वतःचं नाव तिथे घालून ठेवतात. भावाच्या यादीत आख्खा सी ड्राइव्ह होता! मग "नो थ्रेट्स" दिसणारच ना?

यादी रिकामी करा, नेट थोडा वेळ जोडून डिफेंडर अपडेट करा आणि पुन्हा बंद करा. मग स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे मालवेअरला लपायला जागा कमी मिळते. साधारण १५ मिनिटं लागतात. त्यानंतर फुल स्कॅनही करा.

४. उरलेला कचरा

- सेटिंग्जमधली अॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा. त्या दिवशी आलेलं अनोळखी काही असेल तर काढा.
- टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये अनोळखी नावं डिसेबल करा.
- ब्राउझरमधली नको असलेली एक्स्टेन्शन्स काढा. सिंक चालू असेल तर तीच एक्स्टेन्शन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवरही पोचलेली असू शकतात, तिथेही बघा.
- कोपऱ्यात "तुमच्या पीसीत ५ व्हायरस" असं सारखं येतंय? बऱ्याचदा ते एखाद्या वेबसाइटला दिलेलं नोटिफिकेशन असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी काढा.

५. विंडोज नव्याने कधी टाकायचं?

नुसती जाहिरातींची कटकट असेल तर वरचं पुरतं. पण अकाउंट हॅक झालं असेल किंवा स्कॅननंतर मालवेअर परत येत असेल, तर सरळ रिसेट करा. फक्त फोटो आणि डॉक्युमेंट कॉपी करून घ्या, सेटअप आणि झिप फाइल नको. डी ड्राइव्हवर पडलेली क्रॅकची फाइलही उडवा. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग. पुढे क्लाउड डाउनलोड निवडलं तर विंडोजची नवी कॉपी येते. त्याला ४ जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करत असाल तर लक्षात ठेवा.

बँकेतून पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

भावाचा कॉम्प्युटर आम्ही शेवटी रिसेटच केला. मावशीचे पैसे वाचले. अकाउंटही परत मिळालं, पण स्टोरी बघून त्याच्या एका मित्राने पैसे टाकले होते, ते मात्र गेले. आता तो डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनवर एडिटिंग करतो. त्याला लागतं ते सगळं त्यात आहे, आणि ते टाकताना अँटीव्हायरस बंद करावा लागत नाही.