सेव्ह केलं होतं का?

जुलैच्या भर पावसात श्रीवर्धनच्या किंवा मुरूडच्या बाजारपेठेत लाइट गेली की कॉम्प्युटर क्लासमधल्या सरांच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला : "सेव्ह केलं होतं का?" ज्यानं केलेलं नसतं त्याचं अर्ध्या तासाचं टायपिंग वाहून गेलेलं असतं. यूपीएस नवा असेल तर फाइल बंद करण्यापुरती सवड मिळते. बॅटरी म्हातारी झालेली असेल तर तीही नाही. मग काळ्या पडद्यासमोर बसून सर सांगतात, की टाइप केलेला मजकूर इतका वेळ रॅममध्ये होता. रॅमला सतत वीज लागते, वीज तुटली की ती कोरी होते. हार्ड डिस्कवर उतरवलेलं मात्र तसंच राहतं, आणि ते उतरवायला कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबाव्या लागतात. तात्पुरती आणि कायमची स्मृती यांच्यातला हा फरक पुस्तकात दोन ओळींत येतो. रायगडच्या किनाऱ्यावर तो पावसाळाच शिकवतो, आणि एकदा शिकलेला सहसा कोणी विसरत नाही.

या किनाऱ्यावरच्या बाजारांतून फिरताना झेरॉक्सच्या दुकानाशेजारी किंवा मेडिकलच्या वरच्या मजल्यावर 'एमएस-सीआयटी' अशी पाटी दिसते. आत एका भिंतीला ओळीनं मांडलेले संगणक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि चप्पल बाहेर काढण्याची सूचना. महाराष्ट्रातल्या लक्षावधी माणसांचा संगणकाशी पहिला संबंध अशाच खोलीत आला.

राज्य शासनाच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या पुढाकारानं २००१ साली पुण्यात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजे एमकेसीएल, ही कंपनी उभी राहिली. विवेक सावंत तिचे संस्थापक व्यवस्थापकीय संचालक. पाठोपाठ एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. तेव्हा घरी संगणक असणं ही शहरातसुद्धा नवलाई होती. कोकणातल्या खेड्यात तर तो बँकेच्या काउंटरपलीकडे, तोही पाठमोरा, दिसायचा. आजवर एक कोटीहून जास्त माणसांनी हा अभ्यासक्रम केला आहे.

या आकड्यामागची रचना मला फार महत्त्वाची वाटते. एमकेसीएलनं गावोगाव आपल्या इमारती बांधल्या नाहीत. गावातल्याच एखाद्या तरुणानं किंवा संस्थेनं जागा, संगणक आणि शिकवणारा माणूस आणायचा. अभ्यासक्रम, रोजचा पाठ आणि मूल्यमापनाची व्यवस्था पुण्याहून यायची. शेवटची ऑनलाइन परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. १०० पैकी ५० गुण वर्गात रोज केलेल्या कामाचे आणि ५० त्या परीक्षेचे. त्यामुळे म्हसळ्यातल्या मुलीला आणि ठाण्यातल्या मुलाला तोच धडा, तीच परीक्षा आणि तेच प्रमाणपत्र.

रायगडचा नकाशा पाहिला की या रचनेची किंमत कळते. रेवदंड्याची खाडी, राजपुरीची खाडी, खाली बाणकोटची खाडी. दर थोड्या अंतरावर पाणी आत घुसलेलं. मुरूडहून श्रीवर्धनकडे जायचं तर आगरदांड्याला जंगलजेट्टीच्या फेरीबोटीत बसून दिघीला उतरायचं, नाहीतर खाडीला वळसा घालून लांबचा रस्ता धरायचा. लोणेऱ्याला १९८९ सालापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, पण ते अभियंते घडवायला. बारावीनंतर घरी बसलेली मुलगी, होमस्टे चालवणारी नागावची बाई किंवा ग्रामपंचायतीतला शिपाई यांच्यासाठी क्लास एसटीच्या टप्प्यात असावा लागतो आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीआधी सुटावा लागतो.

पहिल्या आठवड्यात शिकवायच्या गोष्टी वरून क्षुल्लक दिसतात. माऊस टेबलाच्या कडेपर्यंत गेला की तो उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा, हे सांगावं लागतं. "मावशी, घट्ट धरू नका, तळवा टेकवा नुसता," असं म्हणत मॅडम शेजारी उभ्या राहतात. डबल क्लिकमधल्या दोन टिचक्यांत अंतर पडलं तर फोल्डर उघडत नाही, त्याचं नाव बदलायची चौकट उघडते आणि बाई घाबरून हात मागे घेतात. आपल्या हातून काहीतरी मोडेल ही भीती साक्षर-निरक्षर असा भेद करत नाही. ती जायला एकच उपाय आहे : संगणकावर स्वतःचा हात बराच वेळ राहिला पाहिजे आणि जवळ घाई न करणारं माणूस पाहिजे. एमएस-सीआयटीनं गरीब घरातल्या माणसाला हा वेळ परवडेल अशा फीमध्ये मिळवून दिला. माझ्या मते हेच या अभ्यासक्रमाचं सर्वांत मोठं काम, प्रमाणपत्र त्यानंतर.

दुसरं मोठं काम मराठीचं. अभ्यासक्रम मराठीत घेता येतो, आणि मराठी टायपिंगही शिकता येतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'क' इंग्रजी के च्या कळीवर, 'र' जे च्या, पाय मोडायची खूण डी च्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण दाबायची नंतर : आधी 'क', मग वेलांटी, आणि ती उडी मारून पुढे जाऊन बसते. जुन्या टाइपरायटरवर शिकलेल्यांचा हात इथे हमखास अडखळतो, कारण त्यांना वेलांटी आधी उमटवायची सवय. पूर्वी मराठी फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची मांडणी आपापली असे. एका कचेरीत टाइप केलेला अर्ज दुसरीकडे उघडला की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून अलिबागला टाइप केलेलं पत्र आज मंत्रालयातही मराठीतच उघडतं.

यंत्रांची देखभाल हा किनाऱ्यावरचा वेगळाच विषय. खारी, दमट हवा धातूवर चढते. संगणक सुरू न होता नुसता 'बीप, बीप' करू लागला, की दुरुस्ती करणारा मुलगा डबा उघडतो, रॅमची पट्टी काढतो आणि तिच्या सोनेरी टोकांवरून पेन्सिलचं खोडरबर हलक्या हातानं फिरवतो. पुष्कळदा तेवढ्यानं काम भागतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मात्र खोडरबरानं भागण्यासारखं काही उरलं नव्हतं. विजेचे खांब मोडून पडले, छपरं उडाली, अनेक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. करोनामुळे क्लास आधीच बंद होते.

एमएस-सीआयटीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. सरकारी भरतीच्या जाहिरातीत हे किंवा समकक्ष प्रमाणपत्र मागतात, म्हणून पुष्कळ जण केवळ कागदासाठी येतात. परीक्षा झाली, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये गेलं, आणि वर्षभरात एक्सेलमधली बेरीजसुद्धा विसरली. पण ही सक्ती नसती तर घरच्यांनी मुलीच्या क्लासची फी भरली असती का, हेही विचारायला हवं. नोकरीसाठी लागतं म्हटल्यावर जो बाप पैसे काढतो, तो 'तिला कॉम्प्युटर यावा' एवढ्यासाठी काढेलच असं नाही. आता तर भरतीच्या बऱ्याच परीक्षाच संगणकावर होतात. ज्याचा हात माऊसवर बसलेला नाही, त्याचे प्रश्न सुटण्याआधीच मिनिटं संपतात.

आजच्या मुलांची अडचण उलटी आहे. त्यांचा हात मोबाइलवर लहानपणापासून बसलेला, भीती कसली ती नाहीच. पण फाइल कुठे राहते हे त्यांना ठाऊक नसतं. मोबाइलमध्ये फोटो 'गॅलरीत' असतो, बस्स. मग भरतीचा ऑनलाइन अर्ज भरताना सूचना येते, की फोटो ५० केबीच्या आत हवा. फोनवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा. एक एमबी म्हणजे १०२४ केबी, म्हणजे फोटो साठ-ऐंशी पटीनं लहान करायचा, तो जेपीजी म्हणून वेगळ्या नावानं साठवायचा आणि अर्जाच्या पानावरून तोच फोल्डर शोधून काढायचा. शेवटच्या तारखेच्या रात्री सर्व्हर जड झालेला असताना हे करायला गेलेली हुशार मुलंही रडकुंडीला येतात, आणि दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रात पैसे मोजून तेच काम करून घेतात. केबी, एमबी, फोल्डर, पासवर्ड ही मुळाक्षरं स्मार्टफोन शिकवत नाही, तो ती लपवतो. म्हणूनच मोबाइल घरोघरी आल्यावर हे क्लास निरुपयोगी झाले, असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

किनाऱ्यावरची रोजची कामं एकेक करून पडद्यावर आली आहेत. डिजिटल सहीचा सातबारा संकेतस्थळावरून उतरवता येतो. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला येणाऱ्या रो-रो बोटीचं तिकीट ऑनलाइन, काशीद-दिवेआगरच्या खोल्यांचं बुकिंग ऑनलाइन. मासेमारी नौकांची नोंदणी आणि परवाना 'रिअलक्राफ्ट' या प्रणालीवर. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राची स्थिती आणि मासळी मिळण्याची संभाव्य ठिकाणं नकाशावर देते. हे सगळं आहे, पण कोळीवाड्यात पन्नाशीचा नाखवा या कामांसाठी अजून मुलावर, पुतण्यावर नाहीतर एजंटावर विसंबून असतो. आपल्या बोटीच्या कागदांचा पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असणं हे मला धोक्याचं वाटतं.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली. दहावी-बारावीच्या मुलांच्या सुट्टीतल्या बॅचही जूनच्या मध्याला शाळा-कॉलेजं उघडता उघडता उरकतात, आणि सकाळचे संगणक मोकळे होतात. रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन, जिथे जिथे असा क्लास आहे, तिथे नाखव्यांची एक बॅच याच दोन महिन्यांत लावता येईल. त्यात पॉवरपॉइंट नको. माऊस, मराठी टायपिंग, पासवर्ड बदलणं, ओटीपी कोणालाही न सांगणं, कागद स्कॅन करून लहान करणं, आणि शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आपल्याच बोटीच्या परवान्याचा अर्ज स्वतः उघडून तपासणं, एवढं पुरे. नारळी पौर्णिमेच्या आत हे सहज होण्यासारखं आहे.