आटलेली विहीर आणि सात ओळींची सिद्धता

डिचोली तालुक्यातील शिरगाव, मुळगाव ही नावे आपण लोहखाणींच्या संदर्भात अनेकदा ऐकली असतील. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली उतरला की तळाचे पाणी पंपांनी सतत उपसावे लागते, आणि त्यासरशी आसपासच्या जमिनीतले पाणीही खाली ओढले जाते. मग गावकरी म्हणतो, "खाणीने पाणी ओढले तर विहीर आटते, माझी विहीर आटली, तेव्हा खाणीनेच पाणी ओढले." त्याचे दुःख खरे आहे, कदाचित निष्कर्षही खरा असेल, परंतु हा युक्तिवाद मोडण्यास विरुद्ध बाजूच्या वकिलाला दोन मिनिटेही लागणार नाहीत.

जर-तर विधानात पूर्वांगावरून उत्तरांगाकडे जाता येते, उलट येण्याची मुभा नाही. आपल्या नैयायिकांना हे पक्के ठाऊक होते. जेथे धूर तेथे अग्नी. परंतु जेथे अग्नी तेथे धूर असे नव्हे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो.

मग गावकऱ्याने आकारिक सिद्धता कशी मांडावी? 'विहीर आटली' यास क म्हणू, 'पाऊस कमी पडला' यास प, 'खाणीने पाणी ओढले' यास ख, आणि 'जवळपास खाण नसलेल्या पेडण्यातील एका गावच्या विहिरी आटल्या' यास श. आधारविधाने चार:

१. क असेल तर प किंवा ख.
२. क.
३. प असेल तर श.
४. श नाही.

पहिल्या दोहोंवरून पाचवी ओळ मिळते: प किंवा ख. पाऊस कमी असता तर पेडण्याच्या विहिरीही आटल्या असत्या. त्या आटल्या नाहीत. म्हणून तिसरी व चौथी मिळून सहावी: प नाही. दोन विकल्पांतला एक गळाला. म्हणून सातवी: ख. प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या ओळींवरून आली हे लिहावयाचेच. मुलांना हा कारकुनी सोपस्कार वाटतो. माझ्या मते सिद्धतेचा सारा जीव त्यातच आहे.

कारण आता वकिलास शेवटच्या तीन ओळींवर रागावून उपयोग नाही. पहिल्या चारांतलीच एखादी पाडली पाहिजे. तो म्हणेल, पेडण्याचा खडक निराळा, तेथे थोड्या पावसातही पाणी टिकते. तिसरी ओळ डळमळली; तेव्हा डिचोलीतलेच, तशाच खडकावरचे पण खाणीपासून दूरचे गाव निवडावे लागेल. किंवा तो म्हणेल, वरच्या वाड्यावर कूपनलिका झाल्या आहेत. हा घाव अधिक खोल. पहिल्या ओळीत तिसरा विकल्प शिरतो, आणि प गळाल्यावरही दोन उरतात. सातवी ओळ अडते. गोव्यातील खाणकाम २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये थांबले होते. त्या काळात कूपनलिका चालूच असताना, खाणीचा उपसा बंद पडल्यावर विहिरीत पाणी चढले काय, याची कोणी दोरी सोडून नोंद ठेवली असेल, तर सातवी ओळ पुन्हा मांडता येईल.