सूर उतरला? आधी रबर बघा!

वणीजवळच्या राजूर कॉलरीचं नाव निघालं की कोळसा आठवतो, बडा ख्याल नाही. पण घरातल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुराचा धागा ओढत गेलात, तर तो कोळशापर्यंतच पोहोचतो. वणी-चंद्रपूर पट्ट्यातला कोळसा औष्णिक केंद्रात जळतो, वाफेवरचं टर्बाइन मिनिटाला 3000 फेऱ्या घेतं, त्यातून 50 हर्ट्झची वीज निघते आणि प्लेअरची सिंक्रोनस मोटर नेमका तोच ठेका धरते. एलपी मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेते. म्हणजे तबकडीच्या एका फेरीमागे टर्बाइनच्या बरोब्बर 90!

या मोटरला व्होल्टेजशी फारसं देणंघेणं नसतं, तिला फ्रिक्वेन्सी कळते. (स्वस्तातल्या प्लेअरमधली इंडक्शन मोटर मात्र व्होल्टेज पडलं की थोडी रेंगाळते.) पूर्वी ग्रीडवर भार वाढला की फ्रिक्वेन्सी 49च्याही खाली जायची. ती 48वर आली की एलपी 32 फेऱ्यांवर येते आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी पाचकडे घसरू लागते. दोष ना तिचा, ना तबलजीचा! 31 डिसेंबर 2013ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि अख्खा देश एकाच ठेक्यावर आला. आता 49.90 ते 50.05 एवढ्याच पट्ट्यात राहायचा नियम आहे. तेव्हा प्लेअर बेसूर झाला म्हणून वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ उरलेला नाही.

अमेरिकेचा प्लेअर, विदर्भाची वीज

न्यू जर्सीतला भाचा हौसेने मामांसाठी जुना प्लेअर आणतो. मामा शहाणे, 230चं 110 करणारा स्टेपडाउन लावतात. तरी गाणं म्हशीच्या चालीने! कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची. त्यामुळे 33⅓ऐवजी थाळी 27.8 फेऱ्या घेते. काळी चार थेट पांढरी चार होते, तीन स्वरपट्ट्या खाली. उपाय एकच: मोटरवरची पुली एक पंचमांशाने जाड, म्हणजे 50 हर्ट्झची बसवायची. प्लेअर डीसी मोटरचा असेल तर ही भानगडच नाही.

वेग मोजायला काय लागतं?

घड्याळ आणि कागदाचा कपटा. कपटा तबकडीखाली बाहेर डोकावेल असा अडकवा आणि गाणं चालू असताना फेऱ्या मोजा. एलपीच्या तीन मिनिटांत नेमक्या 100 व्हायला हव्यात. सुई वर उचलून मोजू नका. खरी परीक्षा सुईचा भार असतानाच होते.

याहून गमतीची ट्यूबलाइट. चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. तिच्या उजेडात 180 रेघांची स्ट्रोब चकती 33⅓वर फिरवली की रेघा जागच्या जागी थबकल्यासारख्या दिसतात. रेघा मागे सरकल्या तर प्लेअर हळू, पुढे सरकल्या तर जलद. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हा खेळ जमत नाही, म्हणून जुनी ट्यूब भंगारात देण्याआधी विचार करा.

78च्या चकतीवर 77 रेघा असतात. हिशेब केला तर वेग निघतो 77.92. अमेरिकेतल्या चकतीवर 92 रेघा, वेग 78.26. म्हणजे 78ची तबकडी दोन्हीकडे काटेकोर 78वर फिरतच नव्हती! फरक इतका बारीक की कानाला कळत नाही. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक गाइसबर्ग याने 1902मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानचा आवाज मुद्रित केला, त्या काळात तर वेगाला एक प्रमाणच नव्हतं. 74वर मुद्रित झालेली तबकडी 78वर लावा, गाणं जवळजवळ एक पट्टी चढतं. जुन्या गवयांचा आवाज ‘फारच बारीक’ असं म्हणण्याआधी हार्मोनियम घेऊन बसावं.

आता दुखणी. दहापैकी बहुतेक वेळा गुन्हेगार रबरच. बेल्ट सैल पडला की थाळी मागे राहते, कडक झाला की सूर हेलकावतो. बेल्टऐवजी रबरी आयडलर चाकाने थाळी फिरवणाऱ्या प्लेअरमध्ये ते चाक गुळगुळीत होतं किंवा एका जागी चपटं. स्पिरिटच्या बोळ्याने चाक आणि पुली पुसली तरी निम्मं काम होतं. डिसेंबरच्या सकाळी रेंगाळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सुधारतो? बेअरिंगमधलं तेल डिंकासारखं झालंय. जुनं पूर्ण पुसा, मगच नवं थेंबभर घाला. खोबरेल तेल अजिबात नको.

दर 1.8 सेकंदाला, म्हणजे फेरीगणिक एकदा सूर डुलत असेल तर प्लेअरला सोडा, तबकडी तपासा. भोक मध्यात नसेल, नाहीतर मे महिन्यात उन्हातल्या गाडीत राहून एलपी वाकली असेल. हे ओळखायला तानपुऱ्याचा किंवा हार्मोनियमचा लांब सूर लावावा. मींडेच्या गाण्यात असला दोष खपून जातो.

चावीच्या फोनोला वीजच नाही, तिथे गव्हर्नर राज्य करतो: फिरणारी तीन वजनं आणि त्यांना आवरणारी नमद्याची गादी. लाखेच्या तबकडीत भरडसर भुकटी मिसळलेली असते, त्यावर पोलादी पिन घासत जाते आणि ते घर्षण स्प्रिंगलाच सोसावं लागतं. स्प्रिंगमधलं ग्रीस सुकलं असेल तर शेवटच्या आलापापर्यंत दम पुरत नाही.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: तबकडी, बेल्ट किंवा चाक, तेल, आणि सगळ्यात शेवटी वेगाचा स्क्रू. नवा बेल्ट घालण्याआधी तो स्क्रू फिरवला, तर दुखणं झाकलं जाईल आणि बेल्ट आल्यावर सगळं पुन्हा जुळवत बसावं लागेल.