लॅपटॉप का तापतो? आपण काय करावे?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या जुन्नर-आंबेगावात एप्रिल-मे महिन्यात पारा ३५ अंशांच्या वर जातो. बरेचसे लॅपटॉप मात्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात. आणि निकालाचे काम नेमके याच दिवसांत!

आत काय घडते? तापलेल्या प्रोसेसरची उष्णता तांब्याची नळी पंख्याजवळच्या बारीक पात्यांपर्यंत नेते. नळीत थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी. पंखा बहुधा खालून हवा ओढतो आणि बाजूने बाहेर फेकतो. गादीवर लॅपटॉप ठेवला की हवेची वाट बंद! पात्यांत धूळ साचली तरी तेच. मग सुमारे १०० अंशांजवळ प्रोसेसर आपला वेग कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर लॅपटॉप बंद पडतो. सेव्ह न केलेले गुण गेलेच समजा.

उपाय सोपे आहेत :

१. लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेवा, उन्हात नको.
२. वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्या.
३. गार करायला फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरते.
४. बॅटरी फुगून टचपॅड वर आला, तर चार्जिंग लगेच थांबवा. असा लॅपटॉप मुलांच्या हाती मुळीच देऊ नका.