ठराव, पावती आणि गटार : नगरपालिका कशी वाचावी

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोराला पाठ असते. ५ जानेवारी १९२४ आणि ४ ऑगस्ट १९२७ या तारखा विचारल्या तर चांगले शिकलेले कार्यकर्तेही गप्प होतात. या दोन्ही तारखा महाडच्या नगरपालिकेच्या आहेत. पहिल्या दिवशी तिने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. दुसऱ्या दिवशी तो ठराव रद्द केला. मधल्या काळात बाबासाहेबांनी हजारो माणसांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, एवढाच फरक पडला होता. कागदावर तीन वर्षे निजलेला ठराव कुणाला बोचत नव्हता. त्याची अंमलबजावणी झाली आणि तो सनातन्यांना असह्य झाला. योगायोग असा की मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा मूळ ठराव मंजूर झाला तोही ४ ऑगस्टलाच, १९२३ साली.

मी हे आठवण म्हणून सांगत नाही. नगरपालिका नावाचे यंत्र कसे चालते याचा यापेक्षा स्वच्छ धडा मला दुसरा माहीत नाही. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. संसद, राष्ट्रपती, मूलभूत हक्क हे सगळे विद्यार्थी घडाघडा सांगतात. आपल्या गल्लीतला दिवा कुणाच्या सहीने लागतो हे त्यांना ठाऊक नसते. चळवळीतही आपण दिल्ली आणि मंत्रालय यांच्यावर जेवढे बोलतो त्याच्या शतांशही नगरपालिकेवर बोलत नाही. आणि आपल्या माणसाचा रोजचा संबंध येतो तो तिच्याशीच. नळ तिचा, गटार तिचे, संडास तिचा, स्मशान तिचे, बाजारातली बसायची जागा तिची. त्या गटारात उतरणारा माणूसही बहुतेक वेळा आपलाच.

ठराव होतो कसा? विषयपत्रिका निघते, सभा भरते, कुणी सूचक होतो, कुणी अनुमोदक होतो, आणि चाळीस विषय तासाभरात ‘सर्वानुमते’ मंजूर होतात. त्याचे इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढच्या सभेत ते कायम होते. ठराव अमलात आणायचा तो मुख्याधिकाऱ्याने, आणि मुख्याधिकारी हा राज्य सरकारचा माणूस. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात कलम ३०८ आहे. त्यान्वये जिल्हाधिकारी एखाद्या ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतो. म्हणजे नगरसेवक बोलतात, मुख्याधिकारी करतो किंवा करत नाही, आणि वर जिल्हाधिकारी बसलेला असतो. २०२२ नंतर तर राज्यातल्या बहुसंख्य शहरांत निवडणुकाच दीर्घकाळ झाल्या नाहीत. प्रशासकच ठराव करी आणि प्रशासकच तो अमलात आणी. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना शहराच्या सभागृहात राखीव जागा दिल्या. त्या काळात ते सभागृहच नव्हते.

आता परवान्याकडे येतो, कारण पोटाशी गाठ पडते ती इथे.

माझी आई आठवडे बाजारात सुकट-बोंबील विकायची. बाजाराच्या अगदी शेवटी, मटणाच्या दुकानांपलीकडे, गटाराच्या कडेला तिची बसायची जागा. ती जागा तिला कुणी नेमून दिली नव्हती आणि तिने निवडलीही नव्हती. ती जातीने ठरलेली होती. पालिकेच्या ठेकेदाराचा माणूस दर बाजारी येई, बैठकीचे पैसे घेई आणि कागदाचा एक चिटोरा फाडून देई. आई ते चिटोरे पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची. तिला वाटायचे हा परवाना आहे. एका पावसाळ्यात अतिक्रमण हटवणारी गाडी आली तेव्हा तिने तो डबाच पुढे केला. साहेबाने वाकूनही पाहिले नाही.

यातली मेख समजून घेतली पाहिजे. पावती आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावती म्हणते, तू आज इथे बसलीस, त्याचे पैसे आम्ही घेतले. परवाना म्हणतो, तुला इथे बसण्याचा हक्क आहे. पालिका वर्षानुवर्षे पहिली देते आणि दुसरा देत नाही. त्यामुळे तिजोरीत पैसाही येतो आणि हाकलून देण्याची मोकळीकही राहते. ज्याच्याकडे परवाना नाही तो सदैव उपकाराखाली जगतो: ठेकेदाराच्या, शिपायाच्या, वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या. निवडणुकीत याच उपकाराची वसुली होते.

१९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य केले. पण त्याच निकालात फुटपाथवरची झोपडी रीतसर नोटीस देऊन काढण्याचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला, हे आपले वक्ते सांगायचे विसरतात. फेरीवाल्यासाठी खरा कायदा यायला २०१४ साल उजाडले. पथविक्रेता अधिनियमाने काही ठोस गोष्टी दिल्या. दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणालाही उठवायचे नाही. पुढेही कुणाला हलवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यायची. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यात एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. या प्रतिनिधींत अनुसूचित जाती-जमातींना योग्य स्थान हवे, आणि प्रमाणपत्र देताना त्यांना प्राधान्य हवे, असेही कायदा म्हणतो. माझ्या आईचा डबा आज असता तर ती त्या जागी किती वर्षे बसत होती हे सांगायला तो सर्वेक्षणात कामी आला असता. म्हणून कार्यकर्त्यांनी बाजारातल्या बायांना एवढे तरी सांगावे की पावती फेकू नका.

चर्मकार बांधवांचे उदाहरण आणखी बोलके आहे. गटई कामगाराला पत्र्याचा स्टॉल देण्याची राज्याच्या समाजकल्याण खात्याची योजना आहे. स्टॉल सरकार देते. अट एवढीच की तो उभा करायची जागा ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने अधिकृतपणे ताब्यात दिलेली असावी, किंवा ती स्वतःच्या मालकीची असावी. रस्त्याच्या कडेला ठोकठोक करणाऱ्याची मालकीची जागा कुठली? म्हणजे मंत्रालयातून निघालेली योजना शेवटी पालिकेच्या मालमत्ता विभागातल्या एका टेबलावर येऊन थांबते. ‘जागेचा दाखला आणा’ या तीन शब्दांनी किती स्टॉल अडवले असतील ते तो टेबलच जाणे.

दुसरा प्रश्न वस्तीच्या घाणीचा. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्याचे चौथे कलम मी विद्यार्थ्यांकडून दोनदा वाचून घेतो. पुरेशा मूलभूत सोयी नसल्यामुळे, किंवा अस्वच्छता, गलिच्छपणा, दाटी अशा कारणांनी जो भाग तिथल्या अथवा शेजारच्या जनतेच्या आरोग्याला, सुरक्षिततेला वा सोयीला धोकादायक ठरतो, तो झोपडपट्टी म्हणून जाहीर करता येतो. पहिले कारण नीट पाहा: सोयी नसणे. पण या सोयी द्यायच्या कुणी? पालिकेने. म्हणजे पालिका नळ देत नाही, संडास बांधत नाही, कचरा उचलत नाही, आणि मग जी घाण साचते तिचे नाव वस्तीला पडते. गावकुसाबाहेर ढकलायचे आणि मग ‘हे लोक बाहेर राहतात’ म्हणायचे, ही जुनीच रीत इथे शहरी वेषात उभी आहे.

तरीही घोषणेला घाबरू नये. घोषित झोपडपट्टीत सुधारणांची कामे करण्याचा कायदेशीर आधार मिळतो, आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तिथल्या रहिवाशाला घराबाहेर काढता येत नाही. अघोषित वस्तीला यातले काही नाही. काही ठिकाणी आपलेच तरुण ‘आमच्या वस्तीला झोपडपट्टी म्हणू नका’ म्हणून घोषणेला विरोध करतात. स्वाभिमान मला कळतो. पण पाटी नाकारताना तिच्यामागचे संरक्षणही आपण नाकारतो आहोत, याचा हिशेब आधी मांडावा.

आणि ‘पैसा नाही’ हे उत्तर? त्यावर मध्य प्रदेशातल्या रतलामचा खटला प्रत्येक अभ्यासवर्गात सांगितला पाहिजे. तिथल्या एका वॉर्डाच्या रहिवाशांनी उघडी गटारे, दारूच्या कारखान्याचे सांडपाणी आणि संडासाअभावी रस्त्यावर होणारी घाण यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला. आधार होता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चा, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा. दंडाधिकाऱ्याने पालिकेला उपाय करण्याचा आदेश दिला. पालिका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली, आणि तिचे मुख्य म्हणणे होते की तिजोरीत पैसा नाही. १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी यांनी ते फेटाळले. गटार आणि संडास हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, पैशाची अडचण सांगून त्यातून सुटता येणार नाही, असा तो निकाल. उघड्यावर बसणाऱ्या गरिबाला दोष देण्याऐवजी त्याला संडास द्या, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. ते जुने कलम १३३ आता २०२४ च्या जुलैपासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आले आहे. त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागत नाही. तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

अर्थात पालिकेची तिजोरी खरोखरच परावलंबी झाली आहे, हेही मान्य केले पाहिजे. जकात हा तिचा मोठा आधार होता. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली आणि त्या सरकारी अनुदानाच्या तोंडाकडे पाहू लागल्या. घरपट्टी वाढवायला कुठल्याच पक्षाचा नगरसेवक धजत नाही. आस्थापनेचा पगार गेला की उरते थोडे. पण त्या थोड्याचे काय होते, हाच तर प्रश्न आहे.

आपल्या वस्त्यांसाठी राज्याचा वेगळा निधी येतो. पूर्वीची नागरी दलित वस्ती सुधार योजना आता लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने चालते. नाव मोठे झाले म्हणून वाट सरळ झाली असे नाही. मी ज्या गावात शिकवतो तिथे माझ्या काही विद्यार्थ्यांनी माहिती अधिकारात या निधीच्या कामांची यादी मागितली आणि ती हातात घेऊन ते रस्त्यांवरून चालले. एक काँक्रीटचा रस्ता कागदावर बुद्धवाड्यातला होता. प्रत्यक्षात तो बुद्धवाड्याच्या कोपऱ्याला स्पर्श करून थेट नव्या प्लॉटिंगकडे जात होता. वस्तीच्या आतल्या बोळात फरशीही नव्हती. कागद खोटा म्हणता येत नव्हता, कारण रस्ता वस्तीला खरोखरच लागून होता. ‘लगत’ या एका शब्दात आपला निधी कसा वाहून जातो हे त्या मुलांना तीन वर्षांच्या पाठ्यपुस्तकाने शिकवले नसते.

असाच दुसरा शब्द म्हणजे ‘ठेका’. सफाईचे काम ठेकेदाराकडे गेले की आपला माणूस पगारपत्रकातून नाहीसा होतो. खर्च दिसतो, माणूस दिसत नाही. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय गटारात वा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे, मग तो ठेकेदाराचा असो वा पालिकेचा. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. मेल्यावरची रक्कम वाढली. पण ठेक्याच्या निविदेत हातमोजे, मुखवटा आणि यंत्र यांची तरतूद किती, हे निविदा उघडून कुणी वाचले आहे का? ते कागदपत्रही मागता येते.

१९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या तळ्याचा शेवटचा निकाल दिला तो मुख्यतः दोन मुद्द्यांवर: तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी सिद्ध होत नाही. जवळजवळ दहा वर्षे बाबासाहेब ते दप्तर घेऊन लढले. दप्तराचे काम रुक्ष असते, त्यात घोषणेची धुंदी नसते, म्हणून आपण ते टाळतो.

जिथे पथविक्रेता समिती आहे तिथे तिच्या सभांची इतिवृत्ते मागावीत. जिथे ती नाही तिथे ती का नाही हे लेखी विचारावे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत सभेपुढे येते. त्याआधीच खातेनिहाय मागण्या गोळा होऊन आकडे बसलेले असतात. मार्चमध्ये मोर्चा नेला तर साहेब सहानुभूतीने म्हणतो, पुढच्या वर्षी पाहू. वस्तीतल्या गटाराचा, नळाचा, संडासाचा अर्ज दिवाळीच्या सुमारास आवक क्रमांकासह द्यावा, त्याची प्रत वॉर्डाच्या नगरसेवकाला द्यावी आणि एक प्रत विहारात ठेवावी.