कर्ज बुडत नाही, खांदा बदलते

दरवर्षी १ फेब्रुवारीला राजधानीत अर्थसंकल्पाचा जो गजर होतो, त्यात प्राप्तिकराच्या टप्प्यांचीच चर्चा अधिक होते. कागदपत्रांतील सर्वांत बोलका आकडा मात्र दुर्लक्षित राहतो. केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात व्याजापोटी १२.७६ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. महसुली जमेचा अंदाज होता ३४.२० लाख कोटींचा. म्हणजे जमा होणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतील सदतीस रुपये जुन्या कर्जाच्या व्याजातच जाणार होते.

हा बोजा समजून घ्यायचा तर पैसा जन्मतो कसा, हे पाहावे लागेल. बँक ठेवीदाराचे पैसे कर्जदाराला देते, हा समज अर्धाच खरा आहे. कर्ज मंजूर होताच कर्जदाराच्या खात्यात तेवढी रक्कम जमा दाखवली जाते आणि ही नोंद हाच नवा पैसा असतो. भांडवलाच्या अटी आणि रिझर्व्ह बँकेचे व्याजदर त्याला वेसण घालतात, इतकेच. अशा रीतीने पैसा कर्जाच्या रूपानेच व्यवहारात येतो आणि उद्याच्या उत्पन्नावर आजच हक्क सांगतो. उत्पन्न वाढले तर मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटतात. ते थांबले, तर कालचा आशावाद आजचे ओझे होतो. भांडवलशाहीला विकासदराचा ध्यास असतो, तो यामुळेच.

आपल्याकडे याचा धडा फार जुना नाही. २००४ नंतरच्या तीन वर्षांत बँकांचा कर्जपुरवठा वर्षाला तीस टक्क्यांच्या आसपास वाढत होता. विकासदर नऊ टक्क्यांच्या घरात होता. वीज, पोलाद, रस्ते या क्षेत्रांत अवाढव्य प्रकल्प उभे राहू लागले आणि त्यांचे हिशेब ही घोडदौड अखंड चालेल, या गृहीतकावर मांडले गेले. पुढे २००८ चे जागतिक संकट आले. भूसंपादन आणि परवानग्या रखडल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळसा खाणींची २१४ वाटपे रद्द केली. उत्पन्न आटले, कर्जे मात्र तशीच राहिली. नवे कर्ज देऊन जुने चालू दाखवण्याचा खेळ २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या मालमत्ता तपासणीने उघडा पाडला. मार्च २०१८ मध्ये बुडीत कर्जांचे प्रमाण अकरा टक्क्यांवर गेले.

मग सरकार धावून आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींची योजना जाहीर झाली. त्यातील १.३५ लाख कोटी रोख्यांतून यायचे होते. यातील युक्ती मोठी मासलेवाईक होती. सरकारने बँकांना रोखे विकायचे आणि त्याच पैशांतून बँकांचे समभाग घ्यायचे. पैसा आला तिथेच परतला. मागे उरले ते रोख्यांवरील व्याज, आणि ते भरणार करदाता! २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने वसुलीला शिस्त आणली खरी, परंतु निकाली निघालेल्या प्रकरणांत बँकांच्या हाती दाव्याच्या जेमतेम एक तृतीयांश रक्कम पडली. खासगी ताळेबंदातील खड्डा सार्वजनिक ताळेबंदाने भरून काढला, तो असा.

बँका कोलमडल्या असत्या तर अनर्थ झाला असता, आणि समभागांच्या रूपाने सरकारला मालकीही मिळाली, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तुलना टळत नाही. २००८ मध्ये साठ हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा परतफेडीची संस्कृती नासेल म्हणून अर्थपंडितांनी आकांत मांडला होता. त्याच्या तिपटीहून मोठ्या योजनेचे नाव मात्र 'सुधारणा' होते.

कर्जे कोणाच्या राजवटीत वाटली गेली आणि कोणाच्या राजवटीत लपवली गेली, यावर संसदेत वर्षानुवर्षे उखाळ्यापाखाळ्या झाल्या. वाढ थांबते तेव्हा तोटा कोणी सोसायचा, या मूळ प्रश्नाला मात्र दोन्ही बाकांनी बगल दिली. त्याचे उत्तर अर्थशास्त्रात नाही, राजकारणात आहे. ते उघडपणे दिले जात नाही, तोवर अर्थसंकल्पातील व्याजाची ओळच ते दरवर्षी मुकाट्याने देत राहील.