पावसात न रुसणारा कॅमेरा

सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आणि पाऊस यांचे सख्य जुने आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नटवलेले लाकडी नंदी घेऊन पोरेसोरे निघतात, मिरवणूक रंगात येते आणि नेमकी तेव्हाच सर कोसळते. फोटो काढणारी मंडळी कॅमेरा सदऱ्यात लपवून वळचणीला पळतात. एका वर्षी मी पळालो नाही. घरी आल्यावर कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली ती अडकलीच. दुरुस्तीवाल्याने हात टेकले.

त्यानंतर घरात दणकट कॅमेरा आला. तळहाताएवढा, दिसायला काहीसा ठेंगणाठुसका. ही जात तशी नवी नाही. पाण्याखाली चालणारा ‘निकोनॉस’ निकॉनने १९६३ साली बाजारात आणला होता. लाटांवर स्वार होणाऱ्यांसाठी मनगटावर बांधायचा ‘गोप्रो’ २००४ साली आला, तोही रीळ घालायचा! आज दुकानात गेलात तर ओएम सिस्टीमचा ‘टीजी-७’ पाहायला मिळेल. १५ मीटर पाण्यात आणि सुमारे दोन मीटरवरून पडूनही तो टिकतो, असे कंपनी सांगते.

याची खरी खुबी लेन्समध्ये आहे. साध्या कॅमेऱ्याची लेन्स गोगलगायीसारखी बाहेर येते आणि आत जाताना धूळ घेऊन जाते. दणकट कॅमेऱ्यात ती आतल्या आत सरकते, बाहेर नुसती काच. पण जागा अपुरी, म्हणून झूमही बेताचे, चारपटीच्या आसपास. बोरच्या जंगलात समोर वाघ आला, तर फोटोत तो पिवळा ठिपकाच दिसणार!

हे खरेदीआधीच मनाशी पक्के करावे, कारण पुढचा मोह वाईट असतो. झूम पुरत नाही म्हणून ‘गाडी जरा पुढे घ्या ना’ अशी विनवणी सुरू होते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांत कोंडले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाघाचाच फोटो हवा असेल तर लांब पल्ल्याची लेन्स घ्या, नाहीतर नुसते डोळे भरून पाहा.

छोट्या कॅमेऱ्याचा मुलूख वेगळा, पायाखालचा. टीजी-७ लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तूही टिपतो. पहिल्या पावसानंतर बांधावर निघणारा मृगाचा किडा घ्या. लाल मखमलीचा हा ठिपका पडदाभर दिसला, तेव्हा आमच्या घरातली भांडणे काही वेळ थांबली होती.

जाहिरातीत बर्फातले फोटो असतात. आपल्याकडे बर्फ कुठला? ‘उणे दहा अंशांतही चालतो’ हे वाचून हुरळून जाऊ नका, वरचा आकडा पाहा. तो बहुधा ४० असतो. आणि वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हा उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नये. सुती रुमालात गुंडाळून सावलीच्या पिशवीत ठेवावा.

पाणी आत शिरते ते बहुतेक आपल्याच हाताने. बॅटरीच्या झाकणाला रबराची बारीक कड असते. तिच्यावर एक केस किंवा काळ्या मातीचा कण बसला की सगळी मजबुती फुकट. म्हणून बॅटरी आणि कार्ड घरीच कोरड्या हातांनी घालावे, कड बोटाने तपासावी. पावसात झाकण उघडूच नये. चिखल लागल्यास झाकण बंद ठेवून साध्या पाण्याने धुवावा आणि मगच पुसावा. कोरडाच घासला तर काचेवर ओरखडे उठतात. ही कड वर्षाकाठी बदलून घ्यावी असे कंपन्याच सांगतात. पण तो खर्च खरेदीच्या वेळी कोणी बोलत नाही, आपणच विचारावा.

आणि हो, मनगटाचा पट्टा विसरू नका. कॅमेरा पाण्यात बिघडत नसला तरी बुडतो. तरंगणारा पट्टा मिळतो, तो घ्यावा.

गेल्या तान्ह्या पोळ्याला आमचा कॅमेरा घरातल्या सात वर्षांच्या मुलाच्या मनगटावर होता. सर आली, मोठी माणसे वळचणीला गेली, तो मात्र नंद्यांमध्येच उभा राहिला. फोटो वाकडे आलेत. दोन-तीनमध्ये काचेवरचा थेंब पुसायचा राहिलाय. पण सगळे नंदी त्याच्या उंचीवरून टिपलेले आहेत, आणि ओल्या झुलीवरून पाणी गळताना स्पष्ट दिसते.